कच्चे गणित मोबाईलवर पक्के होईल काय?

दहावीला गणितात जेमतेम पस्तीस-चाळीस गुण काढून पोरगा पॉलिटेक्निकला लागतो. घरात पेढे वाटले जातात. पहिल्याच सत्रात 'बेसिक मॅथेमॅटिक्स' नावाचा विषय समोर येतो आणि तो विषय मागे राहतो. दुसऱ्या खेपेलाही राहतो. तिसऱ्या खेपेपर्यंत पोरगा वसतिगृह सोडून घरी आलेला असतो आणि बाप विचारतो, "मग फी कशाला भरली भो?" शहादे तालुक्यात असे घर शोधायला फार फिरावे लागणार नाही. सायन्सला गेलेल्या, कॉमर्सला गेलेल्या, डिप्लोमा करून डिग्रीला गेलेल्या मुलांचीही हीच गत आहे. अडते ते एकाच ठिकाणी. वर्गात जे शिकवले जाते ते अवघड असतेच, पण त्याच्या आधी जे यायला पाहिजे होते ते आलेलेच नसते.

अशा मुलाला हल्ली एक तयार उत्तर मिळते. "ऑनलाइन कोर्स कर, मोबाईलवर सगळे आहे." उत्तर देणाऱ्याचे काम संपते. पोरगा मोबाईल घेऊन बसतो. घरच्यांनाही बरे वाटते की अभ्यास चालला आहे.

हे उत्तर हवेतून आलेले नाही. सरकारी धोरणाचा वारा त्याच बाजूचा आहे. केंद्र सरकारने ९ जुलै २०१७ रोजी 'स्वयम्' सुरू केले. त्यावर नामांकित संस्थांच्या प्राध्यापकांचे अभ्यासक्रम घरबसल्या शिकता येतात. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२१ च्या नियमांत एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत विषय 'स्वयम्'वरून करण्याची मुभा दिली. त्याच वर्षी अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने इंजिनिअरिंगच्या काही शाखांना बारावीचे गणित सक्तीचे ठेवले नाही आणि ज्यांचे गणित नाही त्यांच्यासाठी कॉलेजांनी 'ब्रिज कोर्स' घ्यावा असे सुचवले. नवे शैक्षणिक धोरण आपल्या राज्यातल्या संलग्न कॉलेजांत २०२४-२५ पासून आले. म्हणजे कच्च्या गणिताच्या मुलाला आत घेण्याचे दार मोठे झाले. आत आल्यावर त्याला कोणी हात द्यायचा, हा प्रश्न मात्र हळूच मोबाईलकडे सरकला. शिक्षक कमी, वर्ग मोठा, वेळ नाही. मोबाईलला पगार द्यावा लागत नाही.

हा विषय ग्रामीण पानावर कशाला, असे कोणी विचारील. पुरुषोत्तमनगरच्या वजनकाट्यावर उभे राहून बघा. पी. के. अण्णा पाटलांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या सातपुडा तापी परिसर सहकारी साखर कारखान्याच्या या परिसरात उतारा म्हणजे काय हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. केंद्राने २०२५-२६ च्या हंगामाला एफआरपी ठरवली ती १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये. त्यावर उताऱ्याच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला ३ रुपये ४६ पैसे जादा. आता उदाहरणादाखल उतारा ११.०५ धरा. वाढ झाली ०.८०, म्हणजे ०.१ चे आठ टप्पे. आठ गुणिले ३.४६ म्हणजे २७ रुपये ६८ पैसे. भाव झाला क्विंटलला ३८२ रुपये ६८ पैसे, टनाला ३,८२६ रुपये ८० पैसे. त्यातून तोडणी-वाहतूक वजा.

हा हिशेब शेतकरी बोटांवर करतो. हाच हिशेब कॉलेजच्या वहीत असा लिहितात: भाव = ३५५ + ३४.६ × (क्ष − १०.२५). उतारा 'क्ष' झाला की त्याच शेतकऱ्याचे पोर घाबरते. कॉलेजच्या पहिल्या वर्षाचे बीजगणित यापेक्षा फार निराळे नाही. दशांश, शेकडा, कंस, उणे-अधिक, आणि एका अक्षराच्या जागी आकडा बसवणे. एवढ्यावर पोरगा पास किंवा नापास ठरतो. ज्याला हे येत नाही तो एफआरपीच्या बिलातली चूकही पकडू शकत नाही, आणि सरकारी भरतीतही मागे राहतो. २०२३ च्या तलाठी भरतीत २०० पैकी ५० गुण बुद्धिमापन आणि अंकगणिताला होते. तेव्हा हा विषय कॉलेजचा आहे तितकाच बांधावरचाही आहे.

पाया कुठे खचला?

'असर'चा २०२३ चा अहवाल १४ ते १८ वयाच्या मुलांवर होता. देशातल्या २६ राज्यांतले २८ जिल्हे त्यांनी घेतले. तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागणे, म्हणजे आपल्या चौथी-पाचवीचे गणित, ४३.३ टक्के मुलांना जमले. निम्म्याहून जास्त मुलांना जमले नाही. ही मुले शाळेबाहेरची नव्हती. त्यांतली ८६.८ टक्के कुठल्या ना कुठल्या शाळा-कॉलेजात नाव घातलेली होती. वर्ग पुढे सरकतो, भागाकार मागेच राहतो.

आता वर्षांचा मेळ घाला. करोनामुळे मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. ग्रामीण भागातले पाचवीपासूनचे वर्ग २०२१ च्या सुरुवातीला थोडे दिवस उघडले, पुन्हा बंद झाले, आणि ४ ऑक्टोबर २०२१ ला परत सुरू झाले. २०२०-२१ ला जे मूल पाचवीत होते ते २०२५-२६ ला दहावीत. पाचवी-सहावी ही अपूर्णांकांची, भागाकाराची, दशांशाची वर्षे. याच वर्षांत त्याला शिक्षकाऐवजी मोबाईल मिळाला, तोही घरात एक, आणि तो बापाच्या खिशात. सातपुड्याच्या पाड्यांवर तर झाडावर चढून रेंज शोधावी लागत होती. त्या मुलाचे गणित मोबाईलवर कच्चे राहिले आहे. आणि आता कॉलेजात गेल्यावर त्याला म्हणतात, मोबाईलवरच पक्के कर.

परीक्षेनेही हा खड्डा झाकून ठेवला. २०२१ ला दहावीची परीक्षाच झाली नाही, अंतर्गत मूल्यमापनावर निकाल लागला आणि तो ९९.९५ टक्के होता. त्या मुलांचा दोष नाही. पण कॉलेजच्या मास्तरांना त्या निकालातून काय कळणार?

पुढे २०२४ मध्ये राज्याच्या अभ्यासक्रम आराखड्यात आणखी एक गोष्ट आली. गणित आणि विज्ञानात ३५ ऐवजी २० गुण मिळाले तरी मुलाला पुढे जाऊ द्यावे, मात्र पुढे हे विषय घेता येणार नाहीत असा शेरा गुणपत्रिकेवर मारावा. बोंबाबोंब झाल्यावर हा बदल लगेच लागू होत नाही, असा खुलासा झाला. नापासाचा शिक्का वाचवून मुलाला पुढे सोडावे ही त्यामागची कळकळ समजू शकते. पण पंधराव्या वर्षी मारलेला तो शेरा ज्या मुलाला अठराव्या वर्षी पुसायचा असेल, त्याला वाट कोणती? मग गणित नव्याने शिकवणारा हा पायाभरणीचा वर्ग तेवढाच उरतो. म्हणून तो वर्ग कसा चालतो याला महत्त्व आहे.

शाळेत या कामाला 'उपचारात्मक अध्यापन' म्हणतात. जसे काही मूल आजारी आहे. अमेरिकेत 'डेव्हलपमेंटल' म्हणतात, आपल्या कॉलेजांत 'ब्रिज कोर्स'. नाव काहीही द्या, काम एकच. राहिलेले परत शिकवायचे.

अमेरिकेत हे आधी करून पाहिले आहे

तिथल्या कम्युनिटी कॉलेजांत, म्हणजे कमी फीच्या दोन वर्षांच्या कॉलेजांत, फार मोठ्या संख्येने मुले कच्चे गणित घेऊन येतात. त्यांना आधी पायाचे गणित करायला लावत. त्याचे गुण पदवीत धरत नाहीत, फी मात्र भरावी लागते. कित्येक मुले त्या पायरीवरच अडकून कॉलेज सोडत. यावर उपाय म्हणून हेच गणित ऑनलाइन आणले गेले.

सर्वांत गाजलेला प्रयोग कॅलिफोर्नियातला. जानेवारी २०१३ मध्ये सॅन होजे स्टेट युनिव्हर्सिटी आणि युडॅसिटी नावाची कंपनी यांनी मिळून तीन ऑनलाइन कोर्स सुरू केले. एक पायाच्या गणिताचा, एक कॉलेजच्या बीजगणिताचा, एक सांख्यिकीचा. फी फक्त १५० डॉलर. गव्हर्नर जेरी ब्राउन स्वतः घोषणेला हजर. व्हिडिओ चांगले, प्रश्न अडला तर विचारायला माणसेही ऑनलाइन ठेवलेली. पहिल्या सत्राचा निकाल आला तेव्हा तिन्ही कोर्स मिळून निम्म्याहून अधिक विद्यार्थी नापास होते. पायाच्या गणितात चारांतला जेमतेम एक पास झाला. जुलै २०१३ मध्ये विद्यापीठाने प्रयोग थांबवला.

कारणे वाचली की आपल्याच जिल्ह्याची वाटतात. पायाच्या गणिताला बसवलेली विद्यापीठाची मुले आधी त्याच विषयात एकदा नापास झालेली होती. दुसरी काही मुले ओकलंडच्या एका शाळेतली होती, त्यांतल्या बऱ्याच जणांच्या घरी कॉम्प्युटर वा इंटरनेटच नव्हते, आणि हे उशिरा लक्षात आले. पुढच्या उन्हाळ्याच्या खेपेला निकाल सुधारले. पण त्या खेपेला बसलेल्यांत निम्म्याहून जास्त आधीच कुठलीतरी पदवी घेतलेले होते. शिकलेल्याला ऑनलाइन शिकता येते, यात नवल ते काय!

हा एका कॉलेजाचा अपघात म्हणून सोडून देता आला असता. पण न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातल्या संशोधकांनी वॉशिंग्टन राज्यातल्या चाळीस हजारांवर विद्यार्थ्यांच्या जवळपास पाच लाख विषय-नोंदी तपासल्या. समोरासमोरच्या वर्गापेक्षा ऑनलाइन वर्गात सगळ्याच प्रकारचे विद्यार्थी थोडे मागे पडले. सर्वांत जास्त मागे पडले ते मुलगे, कमी वयाचे, आणि ज्यांचे आधीचे गुण कमी होते ते. म्हणजे ज्याला आधाराची गरज जास्त, त्यालाच ही पद्धत जास्त खाली ढकलते.

आता याच अमेरिकेतले उलट उदाहरण. व्हर्जिनिया टेक विद्यापीठाने १९९७ मध्ये एका बंद पडलेल्या मोठ्या दुकानाच्या जागेत शेकडो कॉम्प्युटर मांडले आणि गणित तिथे हलवले. मुले कॉम्प्युटरवरच शिकतात, कॉम्प्युटरवरच सराव करतात. पण मधून शिक्षक आणि वरच्या वर्गाची मुले फिरत असतात. अडले की मुलाने आपल्या कॉम्प्युटरवर लाल पेला ठेवायचा. पेला दिसला की माणूस येतो. पुढे पायाच्या गणितासाठीही हा नमुना अनेक कॉलेजांनी उचलला. कॅलिफोर्नियाने तर २०१७ च्या कायद्याने निराळाच मार्ग धरला. मुलाला पायरीवर अडकवून ठेवू नका, थेट मुख्य वर्गात बसवा आणि त्याच्याच जोडीला जादा तास घ्या.

म्हणजे दोष कॉम्प्युटरचा किंवा मोबाईलचा नाही. एकट्याने शिकायला लावण्याचा आहे.

मोबाईलला काय येते, काय येत नाही

मोबाईलची बाजूही नीट मांडली पाहिजे. कॉलेजात गेलेल्या एकोणीस वर्षांच्या पोराला चारचौघांत पाचवीचा भागाकार विचारायची लाज वाटते. मोबाईल त्याला हसत नाही. एकच व्हिडिओ दहा वेळा बघता येतो. बरे कोर्स असे चालतात की आधी एक चाचणी होते, तिच्यावरून कुठे कच्चे आहे ते ठरते, मग तेवढाच भाग शिकवला जातो, आणि दहातले आठ बरोबर आल्याशिवाय पुढचा धडा उघडत नाही. भराभर वर्ग पुढे नेणाऱ्या मास्तरला हे जमत नाही. सरावाची उदाहरणेही पाहिजे तितकी मिळतात.

मोबाईलचे घोडे अडते ते चूक ओळखण्यापाशी. समजा, ३/४ आणि १/६ यांची बेरीज करायची आहे. पोर लिहिते ४/१०. वरचे वरच्यात मिळवले, खालचे खालच्यात. मोबाईल म्हणतो, चूक, पुन्हा प्रयत्न करा. पोर पुन्हा तेच करते, कारण त्याला ते बरोबरच वाटते. मग पर्याय बघून अंदाजाने दुसरा दाबते, तिसरा दाबते. एक लागतो. धडा पुढे उघडतो. शेजारी बसलेला माणूस मात्र ४/१० बघितल्याबरोबर ओळखतो की याला छेद म्हणजे काय तेच कळलेले नाही. तो विचारतो, "पाऊण एकरात एकराचा सहावा हिस्सा मिळवला, तर रान वाढायला पाहिजे ना? मग ते अर्ध्या एकरापेक्षा कमी कसे झाले?" पोराच्या डोक्यात तिथे लख्ख होते. बारा हिस्से कर, नऊ आणि दोन, अकरा. ११/१२. पाच मिनिटांचे काम.

दुसरी अडचण नव्या जमान्याची. उदाहरणाचा फोटो काढला की पायऱ्यांसकट उत्तर देणारी ॲपे आता पाचवीच्या पोरालाही माहीत आहेत. कृत्रिम बुद्धिमत्तेची तर बातच सोडा. घरी बसून दिलेल्या चाचण्यांत नव्वद टक्के गुण पडतात. पण 'स्वयम्'सारख्या कोर्सची शेवटची परीक्षा केंद्रावर जाऊन, देखरेखीखाली द्यावी लागते. शिकणे फुकट असले तरी प्रमाणपत्राच्या परीक्षेला शुल्क असते. तिथे फोटो काढता येत नाही. नव्वदवाला तिथे आपटतो, आणि आपण का आपटलो हेही त्याला कळत नाही.

भाषा, रेंज आणि ऊसतोड

आपल्या जिल्ह्यात या सगळ्यावर आणखी तीन ओझी आहेत.

पहिले भाषेचे. घरी पावरी, भिली, मावची, अहिराणी नाही तर गुजरी. शाळा मराठी. आणि अकरावी सायन्सला किंवा डिप्लोमाला गेले की पुस्तक इंग्रजी. दहावीपर्यंत ज्याला 'समीकरण' म्हटले ते 'इक्वेशन' होते, 'छेद' तो 'डिनॉमिनेटर', 'उणे' ते 'मायनस'. गणित येणारे पोरही या वळणावर गडबडते. मग ज्याचे आधीच कच्चे आहे त्याचे काय होत असेल! ऑनलाइन कोर्समध्ये शिकवणारा प्राध्यापक इंग्रजीत, तेही दक्षिणेकडच्या नाही तर दिल्लीकडच्या उच्चारात बोलतो. काही अभ्यासक्रमांचे मराठी भाषांतर लेखी मिळते, पण ते वाचताना मूळ इंग्रजी बरे वाटावे इतके ते जड असते.

२०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'सत्तावीस'ला 'वीस सात' असे वाचण्याचा पर्याय आला तेव्हा राज्यभर टिंगल झाली होती. त्या समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर स्वतः गणितज्ञ, मराठीत सामान्यांसाठी गणितावर लिहिणाऱ्या. २०२३ मध्ये त्या गेल्या. त्यांची बाजू साधी होती. मराठीत आकडा लिहिताना दोन आधी आणि सात नंतर, बोलताना सात आधी आणि वीस नंतर, यात लहान मूल गोंधळते. शहरात विनोद झाला. धडगाव-अक्कलकुव्याच्या ज्या मुलाची घरची भाषाच मराठी नाही, त्याच्या गुरुजीला यात विनोद वाटला नसेल.

दुसरे ओझे फोनचे. त्याच 'असर' अहवालात जवळजवळ नव्वद टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता. आकडा ऐकून साहेब लोक खूश होतात. पण फोन चालवता येणाऱ्यांत स्वतःचा फोन असलेले मुलगे ४३.७ टक्के आणि मुली १९.८ टक्के. पाचांतल्या चार मुलींना दुसऱ्याचा फोन मागावा लागतो. बाप शेतातून येईपर्यंत थांबायचे, मग भाऊ घेतो, मग जेवणखाण-भांडी, आणि रात्री दहाला कोर्स उघडायचा. त्यातून आपला जिल्हा २०१८ पासून केंद्राच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आहे, आणि डोंगरातल्या रेंजबद्दल इथे नव्याने काही सांगायला नको.

तिसरे ओझे तारखांचे. हे कोर्स जानेवारी आणि जुलै अशा दोन हंगामांत चालतात, दर आठवड्याला चाचणी द्यायची असते आणि तिची मुदत टळली की टळली. जुलैच्या कोर्सची परीक्षा येते तेव्हा ऊसतोडीच्या टोळ्या निघालेल्या असतात. जानेवारीचा कोर्स तर पुरा गाळप हंगामात सापडतो. आपल्या डोंगराळ भागातली कुटुंबे तोडीला दक्षिण गुजरातेत उतरतात, लहान भावंडे सांभाळायला कॉलेजचे पोरही बरोबर जाते. फडातून परत आलेल्या पोराला रात्री कोपीत बसून अपूर्णांकाची चाचणी द्यायला सांगणारा नियम कागदावर करायला सोपा आहे. ज्यांनी तो केला, त्यांना उसाच्या फडाची कल्पना असण्याचे कारण नाही.

ग्रामपंचायतीच्या हातात काय आहे?

कॉलेजने माणूस नेमावा, विद्यापीठाने तास वाढवावेत, शासनाने रिक्त जागा भराव्यात, या मागण्या रास्त आहेत आणि त्या करत राहिले पाहिजे. पण तोवर दरवर्षी एक तुकडी पुढे सरकते. गावाच्या पातळीवर जे करता येईल ते महाग नाही.

दहावीची लेखी परीक्षा मार्चमध्ये संपते. कॉलेज भरायला जून-जुलै उजाडतो. हे तीन महिने मुलांचे गावातच जातात, निदान जी तोडीवर गेलेली नाहीत त्यांचे. पायाचे गणित करून घ्यायची हीच वेळ. कॉलेजात पाऊल ठेवल्यावर नवे आणि जुने एकदम डोक्यावर येते. पहिल्या सत्रात विषय मागे राहिल्यावर धावाधाव करण्यात अर्थ नाही.

त्याला लागते काय? एक खोली, जिथे नेट चालते. ग्रामपंचायतीत आपले सरकार सेवा केंद्र आहे, कित्येक गावांत अभ्यासिका झाल्या आहेत, जिल्हा परिषदेच्या शाळेची खोली उन्हाळ्यात रिकामी असते. दोन-चार फोन किंवा टॅब, जे तिथेच राहतील, म्हणजे मुलींना कोणाच्या तोंडाकडे बघावे लागणार नाही. आणि एक माणूस. व्हर्जिनियाच्या त्या लाल पेल्याला उत्तर देणारा. तो प्राध्यापक असायची गरज नाही. बी.एस्सी. होऊन, डी.एड. करून घरी बसलेली मुले-मुली नाहीत असे गाव दाखवा! पाचवी ते आठवीचे गणित आणि घरची बोली ज्याला येते, तो पुरे. छेद म्हणजे काय हे पावरीत सांगणारा माणूस कुठल्याही ॲपमध्ये सापडणार नाही.

पैशांचे म्हणाल, तर पेसा क्षेत्रातल्या ग्रामपंचायतींना २०१५ पासून आदिवासी उपयोजनेतला पाच टक्के अबंध निधी थेट मिळतो आणि तो ज्या कामांवर खर्च करता येतो त्यांत शिक्षण आहे. अक्कलकुवा, धडगाव, तळोदा, नवापूर हे तालुके पूर्ण, शहादे आणि नंदुरबारचा काही भाग त्यात येतो. आजवर या निधीतून रस्ते, पेव्हर ब्लॉक, सोलर दिवे पुष्कळ झाले. त्यांची गरज नव्हती असे नाही. पण गणिताच्या माणसाला तीन महिने मानधन देण्याचा ठराव किती ग्रामसभांत आला? पेसाबाहेरच्या गावांना वित्त आयोगाच्या निधीचा आराखडा करताना हा विषय मांडता येतो. २०२४ मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत ग्रामपंचायतींत आणि शाळांत सुशिक्षित तरुण विद्यावेतनावर आले होते. त्यांतल्या बऱ्याच जणांना दिवसभर काय काम द्यायचे हाच प्रश्न होता. असे मनुष्यबळ पुन्हा आले, तर त्यांच्या पुढ्यात कागदाच्या फायलींऐवजी पाचवीचे अपूर्णांक ठेवावेत.

पालकांनीही प्रवेश घेताना कॉलेजला तोंडाने विचारावे, लाजू नये. ब्रिज कोर्स आहे का? असेल तर तास घेणारा माणूस कोण, आणि तो आठवड्याला किती तास समोर बसतो? ऑनलाइन असेल तर मराठीत आहे का, अडले तर मुलाने कोणाकडे जायचे, आणि शेवटच्या परीक्षेचे केंद्र कोणत्या गावी? धडगावच्या पोराला परीक्षेसाठी जळगाव-नाशिक गाठावे लागणार असेल तर एसटीचे भाडे आणि मुक्काम आधीच धरावा लागेल. प्रवेशाच्या टेबलावर ही माहिती देणे त्यांचे कामच आहे. "सगळे मोबाईलवर आहे" एवढेच उत्तर मिळाले, तर तिथे माणूस ठेवलेला नाही असे समजून चालावे आणि गावातच सोय बघावी.

१ मेची ग्रामसभा दहावीच्या निकालाच्या तोंडावर येते. तिची नोटीस किमान सात दिवस आधी निघते. म्हणजे विषय घालायचा तर एप्रिलच्या मध्यापर्यंत सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडे अर्ज पोचायला पाहिजे. अर्जात खोली कोणती, माणूस कोण, किती मुले, आणि तीन महिन्यांचे मानधन किती, एवढे लिहिले की पुरे. मुलांची यादी हायस्कूलच्या मुख्याध्यापकांकडे मिळेल. गणितात कोण कच्चे आहे हे त्यांना निकालाच्या आधीपासून ठाऊक असते.